पंचफुलाबाईचा निळा डबा

पंचफुलाबाईच्या घरून भांडं रिकामं परत गेलं, असं आदिलाबादकडच्या बेल्यात कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वाटीभर साखर आली तर त्याच वाटीतून चार हिरव्या मिरच्या परत जाणार. ताटलीतून खिचडी आली तर ताटलीतून मूठभर तिळाची चटणी जाणार. एकदा पोलिओचे थेंब पाजणारी नर्स आपला थंड डबा तिच्या ओसरीवर ठेवून शेजारच्या गल्लीत गेली. परत येऊन पाहते तर औषधाच्या बाटल्यांना खेटून दोन काकड्या. नर्सबाईनं कपाळाला हात लावला. पंचफुलाबाई म्हणाली, "चिडता कायले बाई? डबा थंडा, काकडी बी थंडी. तिनं काय बिघडवलं?"

ही खोड तिला कुठून लागली ते तिनं कोणाला फारसं सांगितलं नाही. लहानपणी ती आईचा पदर धरून मोठ्या शेतकऱ्यांच्या दारी जायची. आईच्या भांड्यात भाकरी वरून पडायची, ताक वरून पडायचं, देणाऱ्याचा हात लांबच. त्या दारी मायलेकींनी काही द्यावं आणि त्या घरानं ते तोंडात घालावं, असा रिवाज नव्हता. भांडं एकाच बाजूनं चालायचं. पुढं काळ पालटला. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेनं ही माणसं उठून उभी राहिली, शिकली, नोकऱ्यांना लागली. आणि एके दिवशी त्याच मोठ्या घरातली सून पंचफुलाबाईची चटणी बोटानं चाटून म्हणाली, "पंचफुलाबाई, अजून हाये काय वो थोडी?" त्या दिवसापासून तिला देण्याची जी चट लागली, ती आजतागायत सुटलेली नाही.

शाळा तिची दुसरीपर्यंत. तिसरीत पाटी फुटली आणि पाटीबरोबर शाळाही. मग कमरेला ओटी बांधून चाळीस वर्षं कापूस वेचला. नवरा लवकर गेला. एकुलता नागनाथ तिनं शिकवला. तो आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून झाला, शहराला लागून असलेल्या मावल्यात त्यानं तीन खोल्यांचं घर बांधलं. आई मात्र बेलं सोडेना. "तुह्या मावल्यात वाटी घेऊन जायले शेजार नाही," म्हणायची. शेजार होता. पण तो तेलुगू बोलायचा, आणि तेलुगूत चटणीला काय म्हणतात ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ झाली. तिनं ती आठ महिने झंपराखाली लपवली, कारण आधी कापसाचा हंगाम होता, मग भाचीचं लग्न होतं, मग उन्हाळा होता. कळलं तेव्हा नागनाथ तिच्यावर ओरडला आणि ओरडता ओरडता रडला. हैदराबादला ऑपरेशन झालं, सहा वेळा सलाईन चढली, डोक्यावरचा एक केस राहिला नाही. मग रोज एक गोळी लागली आणि बाई उठून बसली. केस परत आले ते कुरळे आले. आयुष्यभर सरळ केसांची बाई पासष्टीत कुरळी झाली, आणि त्याचा तिला इतका आनंद की पदर डोक्यावरून मुद्दाम घसरू द्यायची.

तिची नात रश्मी तेव्हा हैदराबादला मोठ्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होती. एकदा दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं संगणकाच्या पडद्यावर आजीच्या गाठीची पातळ चकती दाखवली. जांभळी, गुलाबी, नक्षीच्या कापडासारखी.

"हे जितं हाये काय?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"नाही आजी. हे मारून, रंगवून, कापून ठेवलेलं असतं."

"मंग मेलेल्याले पाहून काय समजते? चोर कसा घरात घुसते ते चोराच्या मढ्यावरून कळते काय?"

डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, पुष्कळ कळतं, तुमचं औषध त्यावरूनच ठरलं. ते खरंच होतं. पण रश्मी हसली नाही. आजीच्या बोलण्यामुळं म्हणा की मनात आधीपासूनच होतं म्हणून म्हणा, शिक्षण संपल्यावर ती हैदराबादच्या अशा प्रयोगशाळेत गेली जिथं नवीन सूक्ष्मदर्शक बनवत होते. कॅन्सरची पेशी जिवंत असताना, तिच्या पोटात काय चाललं आहे ते पाहायचं यंत्र.

घरी आली की ती आजीला समजावून सांगायची. आजी समजल्यासारखं करायची, आणि कधीकधी खरंच समजायची.

"आजी, दुरून बैलजोडी येताना कशी दिसते?"

"एकच बैल दिसते."

"आन् जवळ आल्यावर?"

"दोन."

"बस. साध्या सूक्ष्मदर्शकाले पेशीतल्या दोन दोन गोष्टी एकच दिसतात, कितीबी मोठं करून पाहा. आमाले ते दोन बैल वेगळे पाहायचे हायेत."

"मंग पाहा ना. कोणं अडवलं?"

"उजेडानं अडवलं. बारीक दिसायले उजेड लय लागते. आन् तेवढ्या उजेडानं पेशी मरते. आमी पाहून राह्यलो आन् ती मरून राह्यली."

म्हणून ही मंडळी उजेडाचं पातळ पान करून ते बाजूनं, डोळ्याची पापणी लवायच्या आत, पेशीतून सरकवत होती. जेवढं पाहायचं तेवढ्यालाच उजेड, बाकीची अंधारात. पंचफुलाबाईला एवढं पटलं की नात कोणाला तरी न मारता पाहायला शिकत आहे. वाईट धंदा नाही.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी तपासणीत तिच्या काखेत हरभऱ्याएवढी गाठ सापडली. आदिलाबादच्या दवाखान्यातच काढायची ठरली, म्हणून ती मावल्याला नागनाथकडं येऊन राहिली. नागनाथचं तोंड उतरलं. पंचफुलाबाई म्हणाली, "मांगच्या खेपेले बोराएवढी होती. आता हरभरा. माह्यापरी तीबी म्हातारी झाली."

रश्मीच्या प्रयोगशाळेला नेमकी अशीच ताजी, जिवंत गाठ हवी होती. यंत्र तीन वर्षांत कसंबसं उभं राहिलं होतं. बाजारच्या, वर्षानुवर्षं बाटलीत वाढवलेल्या पेशी त्यानं पाहिल्या होत्या. पण खऱ्या माणसातून आलेली पेशी त्यापुढं टिकते का, हे पाहायचं राहिलं होतं. कार्तिकात दिल्लीहून साहेब लोक येणार, पाहणार, मग ठरवणार की काम चालू ठेवायचं की यंत्रावर चादर टाकायची. पण नातीनं स्वतःच्या आजीकडं मागायचं नाही, असा तिथला नियम. लाजेपोटी कोणी हो म्हणू नये म्हणून. त्यामुळं मागायला हर्षदीप आला. हा रश्मीच्या सोबतीनं काम करणारा नांदेडचा उंच मुलगा, बोलायला गोड आणि जेवायला लाजरा.

"आजी, गाठ निघणारच आहे," तो म्हणाला. "त्यातला तिळाएवढा तुकडा आम्हाला दिला तर आम्ही तो जिवंत ठेवू, पाहू. तुमच्या इलाजात त्यानं फरक पडणार नाही, हे आधीच सांगतो. तुम्ही नाही म्हणालात तरी कोणी रागावणार नाही."

"माह्या कामाचं नाही तं कोणाच्या कामाचं?"

"पुढं कोणाच्या तरी. कदाचित."

पंचफुलाबाई थोडा वेळ आपल्या कुरळ्या केसांशी खेळत बसली. मग म्हणाली, "मी पाच सालं गोळी खाऊन राह्यली. ते औषध असंच आभाळातून नसंल पडलं. माह्याआधी कोण्या बाईनं काहीतरी देल्लं असंल, तवा डॉक्टरायले समजलं. तिचं नावबी मले माईत नाही. आण तुहा कागद."

नागनाथनं चारही पानं मोठ्यानं वाचून दाखवली, जसा कचेरीत दरखास्त वाचतो तसा. मग तिनं दस्तखत केली. अंगठा नाही, दस्तखत. तेवढ्यात चहावर साय धरली, पण कोणी घाई केली नाही.

आता डब्याची गोष्ट.

जाताना हर्षदीप एक निळा डबा नागनाथकडं देऊन गेला. आतून पांढरा, झाकण घट्ट, थंडावा धरणारा. आत गुलाबी पाण्याची एक छोटी बाटली. हे पाणी म्हणजे पेशीचं दाणापाणी. "उद्या सकाळी आईंसोबत दवाखान्यात आणा. मी तिथंच येतो. आणि उघडू नका," असं तो म्हणाला. नागनाथनं मान हलवली. त्याच घडीला कचेरीतून फोन आला, आणि "उघडू नका" हे दोन शब्द त्याच्या कानापाशीच राहिले, आईपर्यंत आलेच नाहीत.

तासाभरानं पंचफुलाबाईची नजर डब्यावर गेली. सून सुवर्णा म्हणाली, हा डबा उद्या हैदराबादला जाणार, रश्मीच्या ऑफिसात.

झालं. नातीकडं डबा जातो आणि आत एक बाटली फक्त! पंचफुलाबाईनं कालच नवी ज्वारी दळून आणली होती. हैदराबादच्या ज्वारीला चव नसते, हे रश्मी दर फोनवर सांगायची. तिनं पिशवीत दोन किलो पीठ भरलं. मावेना, म्हणून बाटली बाहेर काढली. पिठाच्याच हातानं तिचं टोपण उघडून वास घेतला, सरबत आहे की औषध ते पाहायला. सरबत नव्हतं. टोपण लावलं, बाटली खिडकीत ठेवली. पीठ नीट बसलं. वर तिळाची चटणी. झाकण लावून समाधानानं हात झटकले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्या वेळी पंचफुलाबाई गाढ झोपेत होती, म्हणून पुढचं तिनं दवाखान्यातल्या भाग्यलक्ष्मी सिस्टरकडून ऐकलं, आणि नंतर इतक्या वेळा सांगितलं की आपण डोळ्यांनी पाहिलं असंच तिला आता वाटतं. सिस्टर गाठीचा तुकडा खारट पाण्याच्या वाटीत घेऊन दाराशी आली. हर्षदीपनं डबा उघडला. पिशवीचं तोंड सुटलेलं. पांढरा धुरळा त्याच्या दाढीवर बसला.

"अय्यो, इदेंटी?" हे काय म्हणून सिस्टरनं विचारलं. बोटानं चाखून तिनंच उत्तर दिलं. "जोन्न पिंडी! ज्वारी का आटा! और ये चटणी भी है सार."

हर्षदीप पिशवी उचलून खाली बाटली शोधू लागला. नागनाथनं आईला मनात काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. तो मोटारसायकलवर मावल्याला पळाला, खिडकीतली बाटली खिशात घालून पंधरा मिनिटांत परत आला.

"कोणी उघडली तर नाही ना?" हर्षदीपनं विचारलं.

"छे छे," नागनाथ म्हणाला. त्याला काय ठाऊक!

तुकडा बाटलीत गेला, बाटली सिस्टरनं दिलेल्या दुसऱ्या थंड डब्यात गेली, आणि हर्षदीप गाडीत बसून हैदराबादला गेला. निळा डबा पिठासकट मावल्यात राहिला. ते पीठ सुवर्णानं फेकू दिलं नाही. चार दिवस घरात त्याच्याच भाकरी झाल्या.

गाठीचा अहवाल आला. होती, तीच होती, पण लवकर सापडली. डॉक्टरीणबाईनं गोळी बदलली आणि दर तीन महिन्यांनी दाखवा म्हणाली. पंचफुलाबाईनं तिला हात जोडले. टाके सुकत आले. हैदराबादहून रोज बातमी यायची: तीन काचेच्या ताटल्यांत तुकड्यातल्या पेशी रुजल्या, आजी! पसरल्या, आजी! गल्लीत कोणाची सून बाळंत झाल्यासारखी ती बातमी पंचफुलाबाई सगळ्यांना सांगत फिरली.

अकराव्या दिवशी रश्मीनं व्हिडिओवर फोन केला. तिचा चेहरा पाहून आजीनं हातातलं काम खाली ठेवलं.

"आजी, एक इचारू? गुलाबी पाण्याची बाटली तू उघडली होती काय?"

आजीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"रागावत नाही मी. खरं सांग."

"वास घेतला वो पोट्टे. थोडासाच."

तीनपैकी दोन ताटल्यांत बुरशी आली होती. पांढरी, मऊ, धाग्याधाग्यांची, पिठातून गेलेली. त्या आता फेकाव्या लागणार होत्या. तिसरी ताटली हर्षदीपनं वेगळ्या कपाटात ठेवली होती. गाठीच्या अगदी मधला कण त्यात टाकण्याआधी त्यानं तो चार वेळा धुतला होता. म्हणून ती अजून स्वच्छ होती. एक ताटली. तीन वर्षांचं काम आणि एक ताटली. आणि यंत्राचा उजेड अजून बरोबर बसला नव्हता. आत्ताच पाहायला गेलं तर ती भाजून मरेल, आणि फार थांबलं तर आपोआप मरेल.

फोन ठेवल्यावर पंचफुलाबाई ओट्यापाशी उभीच राहिली. मग हसावं की रडावं असं तोंड करून सुवर्णाला म्हणाली, "पाह्य बाई. ज्याच्या मरणासाठी मी पाच सालं गोळ्या गिळल्या, त्यानं जगावं म्हून आता जीव टांगून बसली हावो."

त्यानंतर मावल्याच्या त्या घरात एक नवलच झालं. शेजारच्या रेड्डीबाईची वाटी आली, ती परत गेली नाही. समोरच्यांची ताटली आली, तीही नाही. रिकामी पाठवायला पंचफुलाबाईचा हात होईना, आणि भरून पाठवायला तिचा धीर होईना. माझ्या हातून कोणाच्या भांड्यात काय जाईल, काय सांगता येतं? ओट्यावर परक्यांची भांडी साचत गेली. शेवटी रेड्डीबाई स्वतःच आली.

"अम्मा, मेरी कटोरी?"

"ले जा बाई. मेरे हात में बुरसी है," पंचफुलाबाई म्हणाली. रेड्डीबाईनं घाबरून तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले. हात स्वच्छ होते. तिला काही कळलं नाही. ती वाटी घेऊन गेली आणि तासाभरानं त्याच वाटीत गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीचीच, चटणी घेऊन परत आली. बाई उदास आहे एवढं तिला कळलं होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. दरवर्षी बेल्याच्या बायांसोबत नागपूरला जाणारी पंचफुलाबाई यंदा टाक्यांमुळं गेली नाही. विहारात वंदना घेतली, मेणबत्ती लावली आणि मनात काय मागितलं ते कोणाला सांगितलं नाही. एका ताटलीसाठी काही मागावं की नाही, याचा तिलाच संकोच वाटत होता.

त्याच आठवड्यात रश्मीचा फोन आला. या वेळी आवाज बरा होता.

"आजी, तुह्या बुरशीनं आमाले कामाले लावलं."

"टोमणे मारतं काय?"

"नाही वो. चांगल्या ताटलीले हात लावायची हिंमत होत नव्हती. मंग हर्षदीप म्हणाला, फेकायच्या आधी बुरशीवरच उजेड लावून पाहू. तीबी जितीच हाये ना! आठ दिवस तिच्यावर हात बसवला. किती उजेड, किती वेळ, कोण्या बाजूनं. मेली तरी कोणाले दुःख नाही."

"मले बरं वाटावं म्हून सांगून राह्यली तू."

"थोडं त्यासाठीबी," रश्मी म्हणाली. खोटं बोलायची त्या पोरीला सवयच नाही. "पण खरंबी हाये."

आजीनं फोन ठेवला आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवली.

कार्तिकात हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. रश्मी म्हणाली, त्याच दिवशी प्रयोगशाळेत ये. उजेड बसला आहे, त्या दिवशी सकाळपासून तिसरी ताटली यंत्राखाली जाईल. साहेब लोक पुढच्या आठवड्यात आहेत, त्याआधी आपण पाहू. जगली तर तू पाहशील, मेली तरी तू पाहशील. तुझीच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी पंचफुलाबाईनं निळा डबा बाहेर काढला. साबणानं धुतला. परत धुतला. उकळतं पाणी ओतून तिसऱ्यांदा धुतला. झाकण वेगळं, डबा वेगळा असे दिवसभर उन्हात ठेवले, आणि कावळ्यानं शिवू नये म्हणून बाजूला काठी घेऊन बसली. संध्याकाळी सुवर्णा शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली.

"सासूबाई, यात ठेवू काय? रश्मीले आवडतात."

पंचफुलाबाईनं डब्याकडं पाहिलं. लाडवांकडं पाहिलं. तिचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला.

"पिशवीत घे ते. डब्यात नाही."

सुवर्णानं नवऱ्याला हळूच सांगितलं, "बुढीची तब्येत मले बरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टरांना दाखवून झाल्यावर, नागनाथ आईला घेऊन प्रयोगशाळेत आला. पायांत निळ्या पिशव्या, डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट. कुरळे केस टोपीत गेले याचं तिला वाईट वाटलं. लाडवांची पिशवी बाहेरच राहिली. डबा तिनं पोटाशी धरला होता. तो दारावरच्या मुलीनं मागितला, तेव्हा ती म्हणाली, "हा मी ज्याचा त्याले देईन."

आत पडदे लावून भर दुपारी अंधार केलेला. मधोमध मोठं टेबल, आणि ते म्हणे हवेवर तरंगत होतं, कोणी पाय आपटला तरी हलू नये म्हणून. पंचफुलाबाई इतकी हळू चालली की नागनाथनं तिच्या कोपराला धरलं. टेबलावर आरसे, नळ्या, वायरी, आणि मधे कुठंतरी ती ताटली. सकाळी सातपासून उजेडाचं पान तिच्यातून सरकत होतं. आता दोन वाजले होते.

"जिती हाये काय?" तिनं दारातूनच विचारलं.

रश्मीनं तिला पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. "तूच पाह्य."

काळ्या पडद्यावर हिरवं काहीतरी होतं. आधी तिला काही कळेना. मग दिसलं. तव्यावर धिरडं पसरावं तसं ते पसरलेलं होतं, आणि त्याच्या कडा हलत होत्या. झालर वर व्हायची, खाली बसायची, पुन्हा पुढं सरकायची. मधे एक काळसर बी. त्या बीच्या भोवती सगळीकडं चमकते बारीक धागे.

"अवं, हे तं सरकी हाये!" ती म्हणाली. "सरकीले कापूस चिकटला तशी. धागा न् धागा मोजून घ्या."

"तेच ते दोन बैल, आजी," रश्मी म्हणाली. "साध्या यंत्रात हे धागे सगळे मिळून एक ढग दिसते."

पंचफुलाबाई पुढं वाकली. पाच वर्षं ही तिच्या अंगात होती. हिचं तोंड तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. शिव्या द्याव्या असं घरून निघताना ठरवलं होतं, आणि तिच्याकडं शिव्या कमी नव्हत्या. पण त्या झालरीकडं पाहून एकही ओठावर येईना.

"एवढीशी तू," ती पडद्याला म्हणाली. "आन् माह्या नागनाथले रडवलं."

हर्षदीप कोपऱ्यात दुसऱ्या पडद्यावर आकडे पाहत होता. तो एकदम म्हणाला, "रश्मी. डावीकडची बघ."

डावीकडच्या पेशीनं आपली झालर आवरून घेतली होती. ती गोल झाली. आतले धागे दोन बाजूंना ओढले गेले, जसे दोन बाया सुताची लडी दोन टोकांनी धरून ताणतात. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. पंचफुलाबाईला वाटलं, आपण श्वास घेतला तर टेबल हलेल. बराच वेळ गेला. मग मधे कंबर आवळावी तशी ती आवळत गेली, आवळत गेली, आणि दोन झाल्या. दोघी हळूहळू पसरल्या. दोघींना झालरी फुटल्या.

रश्मी तोंडावर हात धरून रडत होती. जी पेशी उजेडानं भाजली असेल ती वाढत नाही. ही सात तास उजेडाखाली राहून वाढली होती. म्हणजे पाहणारे पाहत होते आणि पेशीला त्याचा पत्ताही नव्हता. हर्षदीपनं नागनाथचा हात इतका जोरात हलवला की कारकुनाच्या खिशातलं पेन पडलं.

पंचफुलाबाई नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "रडू नको वो. कॅन्सर वाढला म्हून घरभर आनंद करणारे आपणच असू दुनियेत."

सगळे रडता रडता हसले. मग ती डब्यासकट उठली, त्या दोघींकडं, म्हणजे पडद्यावरच्या दोघींकडं, एकदा पाहिलं, आणि डबा हर्षदीपसमोर धरला.

"हा तुहा डबा, बापा. तीनदा धुतला. उन्हात वाळवला. पुढच्या बाईच्या कामी येईल."

हर्षदीपला तो डबा चांगलाच आठवत होता. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, सवयीनं जरा तोलून पाहिला आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं. पीठ नाही, चटणी नाही, एक दाणासुद्धा नाही. त्यानं आजीकडं पाहिलं.

"रिकामा आहे, आजी."

"व्हय," पंचफुलाबाई म्हणाली. मान तिची ताठ होती. "सत्तर सालात माह्या हातानं पहिल्यांदा. आता तू बाहीर चाल, लाडू खाय. तिकडं पिशवीत हायेत."